जीवशास्त्राच्या अध्यापनात सूक्ष्मदर्शक, मोबाइल व पडदा यांचा उपयोग

सहावीपासून दहावीपर्यंतच्या इयत्तांत जीवशास्त्राचा जो भाग शिकवावयाचा असतो, त्यातील बराचसा नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींविषयी असतो. पेशी, केंद्रक, पर्णरंध्रे, केशवाहिन्या, एकपेशीय जीव या सर्वांची नावे विद्यार्थी पाठ करतात, आकृत्या काढतात, भागांना नावे देतात आणि परीक्षेत पूर्ण गुणही मिळवितात. परंतु पेशी ही कांद्याच्या पापुद्र्यात खरोखरच असलेली वस्तू आहे, की पुस्तक तयार करणाऱ्यांनी समजुतीसाठी काढलेले चित्र आहे, असा प्रश्न केला असता चांगले गुण मिळविणारा विद्यार्थीही गोंधळतो. त्याचा दोष नाही. त्याने पेशी पाहिलेलीच नसते. शिक्षकांनी सांगितले म्हणून आणि पुस्तकात छापले म्हणून ती आहे, एवढेच त्यास ठाऊक असते. आणि सांगितले म्हणून मानावे ही सवय विज्ञानाच्या तासाला लागावी, यासारखी विसंगती दुसरी नाही.

आपल्या जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीपर्यंतच्या आहेत, काही ठिकाणी माध्यमिक वर्गही चालविले जातात. स्वतंत्र प्रयोगशाळा थोड्याच शाळांत आढळते. उलटपक्षी दूरदर्शन संच, प्रोजेक्टर किंवा टॅब यांपैकी काहीतरी लोकवर्गणीतून वा योजनेतून पुष्कळ शाळांत आलेले आहे, आणि शिक्षकांच्या खिशात मोबाइल तर असतोच. या साधनांचा उपयोग आज मुख्यतः तयार चित्रफिती दाखविण्याकडे होतो. तो अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. परंतु हीच साधने एका साध्या सूक्ष्मदर्शकाला जोडली असता त्यांचे मोल कितीतरी पटींनी वाढते. ते कसे, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

प्रथम सूक्ष्मदर्शकाविषयी. हे यंत्र महागडे व नाजूक असावयाचेच, हा समज इतिहासाला धरून नाही. १६६५ मध्ये इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने बुचाच्या पातळ कापात लहान लहान कप्पे पाहिले आणि त्यांना जे नाव दिले तेच पुढे पेशीवाचक म्हणून रूढ झाले. वास्तविक त्याने पाहिल्या त्या मृत पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. जिवंत सूक्ष्म जीवांचे जग प्रथम उघडले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हॅन लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने. विद्यापीठाचे शिक्षण नसलेल्या या गृहस्थाने स्वतः घासलेले एकच इवलेसे भिंग धातूच्या पत्र्यात बसवून १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यातील जीव पाहिले व त्यांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. त्याच्या शिल्लक राहिलेल्या यंत्रांपैकी एकाची वर्धनक्षमता अडीचशेपटींहून अधिक भरते. म्हणजे एका चांगल्या भिंगावर हे सारे भागले.

याच एकभिंगी तत्त्वाचा नवा अवतार म्हणजे फोल्डस्कोप नावाचा कागदी सूक्ष्मदर्शक. मूळचे मेरठचे व कानपूरच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी असलेले मनु प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सिबुल्स्की यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तो तयार केला व २०१४ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. जाड कागदाच्या तावातून कापलेले भाग घड्या घालून जोडावयाचे, आणि मध्ये काचेचा एक बारीक मणी बसवावयाचा, एवढीच त्याची घडण. २०१५ मध्ये भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने या प्रयोगशाळेशी करार केल्यानंतर तो आपल्याकडील अनेक शाळा-महाविद्यालयांत पोहोचला.

या मण्याचे गणित आठवीच्या वर्गात अवश्य करून दाखवावे. काचेच्या गोल मण्याचे नाभीय अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे पाऊणपट असते. मणी २.४ मिलिमीटर व्यासाचा घेतला तर नाभीय अंतर १.८ मिलिमीटर होते. वस्तू स्वच्छ पाहण्याचे अंतर २५० मिलिमीटर धरण्याचा प्रघात आहे. २५० ला १.८ ने भागले असता सुमारे १४० येतात; आणि शाळांतून दिल्या जाणाऱ्या फोल्डस्कोपची वर्धनक्षमता १४० पटच आहे. मणी जितका लहान तितके वर्धन अधिक, हे विद्यार्थ्यांना येथे आपोआप समजते, आणि गणिताचा तास व विज्ञानाचा तास यांची गाठ पडते.

शाळेत नेत्रिका व वस्तुभिंग असलेला नेहमीचा संयुक्त सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तमच. मात्र चाळीस मुलांच्या वर्गात एका सूक्ष्मदर्शकाने काय होते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. रांग लागते, पहिली दहा मुले पाहतात, कोणाचा तरी धक्का लागून दृश्य हरपते, पुढची मुले स्वतःच्या पापण्यांचे केस पाहून ‘दिसले’ म्हणून सांगतात, आणि घंटा होते. शिक्षकांना एका डोळ्याने काय दिसले असेल याची खात्री करून घेण्यास मार्ग नसतो. मोबाइलचा खरा उपयोग येथे आहे. मोबाइलचे भिंग नेत्रिकेवर नेमके टेकविले असता जे दृश्य एकाच डोळ्याला दिसावयाचे ते त्याच्या काचेवर उमटते. आणि मोबाइल दूरदर्शन संचाला जोडला की सारा वर्ग ते एकाच वेळी पाहतो. यासाठी इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. पुष्कळ मोबाइल केबलने जोडता येतात, इतर काही नव्या संचांशी बिनतारी जोडले जातात. हाताने धरलेला मोबाइल थरथरतो, म्हणून नेत्रिकेवर घट्ट बसेल अशी पुठ्ठ्याची नळी करून तिच्यावर मोबाइलला आधार द्यावा. भोवती काळे कडे दिसत असेल तर चित्र किंचित मोठे करावे म्हणजे ते जाते. फोल्डस्कोपला मोबाइल जोडण्यासाठी लहान लोहचुंबक त्याच्याबरोबरच मिळतो.

पहिली काचपट्टी कांद्याची नसावी, असे आमचे मत आहे. वर्तमानपत्राचा एक छापील अक्षर असलेला तुकडा प्रथम ठेवावा. संयुक्त सूक्ष्मदर्शकात ते अक्षर उलटे दिसते, आणि काचपट्टी उजवीकडे सरकविली की चित्र डावीकडे पळते. हे मुलांनी स्वतः शोधून काढावे. परिचित वस्तूचे यंत्रात काय होते हे कळल्यावाचून अपरिचित वस्तूवर विश्वास कसा बसावा? छायाचित्राचा तुकडा ठेवला तर ते अखंड नसून ठिपक्यांचे बनलेले आहे हेही दिसते, आणि वर्गात एकच हशा पिकतो.

यानंतर पारदर्शक मोजपट्टी ठेवावी. तिच्यावरील मिलिमीटरच्या दोन रेषा पडद्यावर दिसू लागल्या की एका मुलास बोलावून त्यांमधील अंतर पडद्यावरच मोजावयास सांगावे. ते ३० सेंटिमीटर भरले, तर पडद्यावरील चित्र ३०० पट मोठे आहे असा त्याचा अर्थ. आता वस्तुभिंग न बदलता व मोबाइलवरील चित्र लहानमोठे न करता कांद्याचा पापुद्रा ठेवला आणि एक पेशी पडद्यावर ६ सेंटिमीटर लांब दिसली, तर तिची खरी लांबी ६० भागिले ३००, म्हणजे ०.२ मिलिमीटर. पेशी किती लहान असते, याचे उत्तर ‘अतिशय लहान’ असे न राहता विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीत आकड्यांत येते. यंत्रावर लिहिलेली वर्धनक्षमता पडद्यावर लागू पडत नाही, हेही येथे स्पष्ट होते. कारण पडदा मोठा घेतला की चित्र मोठे होते, परंतु अधिक बारकावे मात्र दिसत नाहीत. मोठे दिसणे निराळे व स्पष्ट दिसणे निराळे, हा भेद पुष्कळ पदवीधरांच्याही ध्यानी आलेला नसतो.

कांद्याचा पापुद्रा आतील मांसल पाकळीच्या खोलगट बाजूने चिमट्याने काढावा, पाण्याच्या थेंबात सपाट पसरावा, आयोडीनच्या सौम्य द्रावणाचा एक थेंब द्यावा व आच्छादक काच एका कडेने तिरपी टेकवून हळूच सोडावी. काच सरळ आपटली की हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचा, अगदी वाटोळा बुडबुडा हा पडद्यावरचा सर्वांत ठळक आकार असतो, त्यामुळे वर्गातील निम्मी मुले तीच पेशी समजून तिची सुबक आकृती काढतात. सर्वांसमोर पडदा असल्याचा लाभ असा, की ही चूक शिक्षकांना त्याच क्षणी दिसते. बुडबुडा टाळण्यापेक्षा एकदा मुद्दाम ठेवून ‘ही पेशी आहे काय? नसल्यास कशावरून?’ असे विचारणे अधिक फलदायी होय. पर्णरंध्रांसाठी ऱ्हिओच्या पानाच्या खालच्या बाजूचा पापुद्रा सहज निघतो. तो नसेल तर कोणत्याही गुळगुळीत पानाच्या खालच्या बाजूस नखाला लावावयाच्या रंगहीन पॉलिशचा पातळ थर द्यावा आणि वाळल्यावर तो चिकटपट्टीने उचलून काचपट्टीवर लावावा. गालाच्या आतील पेशी पाहावयाच्या झाल्यास प्रत्येक मुलाने आपली स्वतंत्र काडी वापरावी व ती लगेच टाकून द्यावी. विद्यार्थ्यांचे रक्त मात्र कोणत्याही कारणास्तव काढू नये.

रक्ताभिसरण शिकविताना रक्त काढण्याची आवश्यकताही नाही. त्यासाठी आपल्या गावात एक उत्कृष्ट साधन फुकट उपलब्ध असते, ते म्हणजे गप्पी मासा. हिवताप-नियंत्रणासाठी आरोग्य विभाग हे मासे टाक्यांत व डबक्यांत सोडतो. एक लहान मासा ओल्या कापसात हलकेच गुंडाळून, कल्ले ओले राहतील व शेपटी मोकळी राहील अशा बेताने काचपट्टीवर ठेवावा. शेपटीवर पाण्याचा एक थेंब व आच्छादक काच ठेवून कमी वर्धनाखाली पाहावे. शेपटीचा पडदा जवळजवळ पारदर्शक असल्याने त्यातील काटेरी किरणांच्या कडेने रक्त धावताना दिसते. रुंद वाहिनीत ते झटक्याझटक्याने सरकते, अरुंद वाहिनीत पेशी एकामागून एक, जत्रेच्या दिवशी अरुंद बोळातून माणसे जावीत तशा जातात आणि वळून परत येतात. चार-पाच मिनिटांच्या आत मासा पाण्यात सोडून द्यावा. तो पोहू लागलेला मुलांनी पाहावा, यालाही महत्त्व आहे.

हे दृश्य दाखविताना विल्यम हार्वीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. हृदयातून निघालेले रक्त फिरून हृदयाकडेच येते, हे त्याने १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोजमापांनी व प्रयोगांनी मांडले. परंतु धमन्यांतून शिरांत ते कोणत्या वाटेने जाते, हे त्याला दाखविता आले नाही. कारण ती वाट डोळ्यांना दिसत नव्हती. १६६१ मध्ये इटलीतील मार्चेल्लो माल्पिघी याने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या, तेव्हा साखळीतील हरवलेली कडी सापडली. हार्वी त्यापूर्वी चार वर्षे मरण पावला होता. जी कडी त्याला जन्मभर पाहावयास मिळाली नाही, ती आपल्या वाडीवरच्या शाळेतील मुलांना एका तासात पाहता येते. पाठ्यपुस्तकातील निळ्या-तांबड्या रंगाची आकृती यानंतर दाखवावी, आधी नव्हे. त्या आकृतीतील बाणांचा अर्थ मग निराळा समजावून सांगावा लागत नाही.

आता चित्रफितींविषयी. जे समोर आणता येते ते चित्रात दाखवू नये आणि जे कोणत्याही उपायाने समोर आणता येत नाही त्यासाठी चित्रफीत खुशाल वापरावी, हा सामान्य नियम ठेवावा. हृदयाच्या झडपांची उघडझाप, पेशीविभाजनाचे टप्पे, मज्जातंतूंतून संदेश जाण्याची रीत यांसाठी चांगली चित्रफीत म्हणजे वरदान होय. पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेत मोबाइलने वाचून दीक्षावरील साहित्य पाहता येते. ते घरी अगर केंद्रशाळेत आधीच उतरवून ठेवावे, ऐन तासाला इंटरनेटची वाट पाहत बसू नये. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक दूरदर्शनचा मोठा प्रयोग झाला. त्या काळी कार्यक्रम एकदा सुरू झाला की शिक्षकांना तो थांबविता येत नसे. आज थांबविण्याची कळ आपल्या हाती आहे, आणि आश्चर्य असे की तिचा उपयोग फारच थोडे शिक्षक करतात. तीन मिनिटांची फीत सलग दाखविण्याऐवजी चार ठिकाणी थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारावे. आवाज बंद करून ती एका विद्यार्थ्यास स्वतःच्या शब्दांत समजावून सांगावयास लावणे ही तर उत्तम परीक्षा.

चित्रफितीतील रंगांविषयी एक सूचना अवश्य द्यावी. पेशीचे केंद्रक जांभळे, तंतुकणिका नारिंगी असे रंग तेथे भरलेले असतात. ते ओळखण्याच्या सोयीसाठी दिलेले आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे मुळात रंगहीन असतात व रंग मागाहून भरतात. हे न सांगितल्यास कांद्याच्या पेशीत जांभळे केंद्रक न दिसल्याने मुले आपलीच काचपट्टी चुकली असे समजतात. चित्र खरे आणि डोळ्यांपुढची वस्तू खोटी, असा उफराटा न्याय लावतात.

पावसाळ्यात डासांच्या अळ्यांचा पाठ घ्यावा. त्यासाठी सूक्ष्मदर्शकही नको. पांढऱ्या बशीत पाणी घेऊन वरून मोबाइल धरला तरी पुरे. मुलांनी घरच्या रांजणातले, टाकीतले, टाकून दिलेल्या टायरमधले पाणी तोंडाला फडके बांधलेल्या बाटल्यांतून आणावे व प्रत्येक बाटलीवर ठिकाण लिहावे. हिवताप पसरविणाऱ्या ॲनोफिलीस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिसची व आपल्या नेहमीच्या क्यूलेक्सची अळी श्वासनळी वर करून डोके खाली, तिरपी लोंबते. मलेरियाच्या परोपजीवीची वाढ डासाच्या शरीरात होते याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे सूक्ष्मदर्शकातूनच मिळाला, हेही येथे सांगता येईल. हवामान अनुकूल असता एडिसची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठवडा-दहा दिवसांत पुरी होते. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करावी असे आरोग्यसेविका का सांगतात, त्याचे कारण हेच. हे वाक्य भिंतीवर रंगविलेले मुले रोज वाचतात. आपल्याच घरच्या रांजणातील अळी पडद्यावर हातभर लांब वळवळताना पाहिलेली मुलगी मात्र घरी जाऊन आजीशी वाद घालते, आणि रांजण उपडा झाल्यावाचून राहत नाही. काम संपल्यावर अळ्यांचे पाणी कोरड्या मातीवर ओतावे, गटारात नव्हे.

तळ्याच्या पाण्यातील एकपेशीय जीव पाहावयाचे असल्यास त्या पाण्यात वाळलेले गवत वा भाताचा पेंढा घालून पाच-सहा दिवस सावलीत ठेवावे. पृष्ठभागावर आलेल्या सायीजवळचा थेंब घेतला असता बहुधा पॅरामीशियम सापडतात. ते इतके चपळ असतात की दृष्टीत ठरत नाहीत. थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाकले की त्यांची गती खुंटते.

मोबाइल वर्गात आला की छायाचित्रांचा प्रश्न येतो. अहवालासाठी छायाचित्र पाठवावे लागते हे खरे. परंतु सूक्ष्मदर्शकाशेजारी उभे राहिलेल्या गुरुजींच्या चित्रापेक्षा काचपट्टीवर मुलांना काय दिसले त्याचे चित्र अहवालास अधिक शोभेल. मुलांचे चेहरे असलेली छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून गटागटांतून पाठवू नयेत. तसेच पडद्यावरील चित्र मोबाइलमध्ये साठविले म्हणून वहीत आकृती काढण्याचे काम सुटत नाही. पाहून काढलेली आकृती वाकडी असली तरी चालेल. हात काढू लागला म्हणजेच डोळा नीट पाहू लागतो. आणि पडद्यावर पाहून झाल्यावर प्रत्येक मुलाने, निदान काही क्षण, नेत्रिकेला स्वतःचा डोळा लावलाच पाहिजे. नाहीतर पडद्यावरचे हेही आणखी एक चित्र, असे त्यास वाटावयाचे.

ही सर्व साधने शिक्षकांच्या स्वतःच्या मोबाइलवर व त्यांच्याच खर्चावर चालतात, याचा विचार व्हावयास हवा. शाळेसाठी एक जुना, परंतु चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल लोकवर्गणीतून मिळविणे अवघड नाही. त्यात सिमकार्ड घालण्याचीही आवश्यकता नाही. वीज नसेल त्या दिवशी मोबाइलच्या काचेवरच पाच-पाच मुलांच्या गटास दाखवावे आणि आरशाने खिडकीतील उजेड घ्यावा. प्रत्यक्ष सूर्याकडे आरसा अगर फोल्डस्कोप कधीही धरू नये, डोळ्यास कायमची इजा होते.

यंत्राची निगा फारशी कष्टाची नाही. भिंगाला बोट लावू नये. धूळ प्रथम फुंकणीने उडवून मगच मऊ, स्वच्छ सुती कापडाने पुसावे. कोकणपट्टीत व घाटमाथ्यावर पावसाळ्यात बंद कपाटातील भिंगांवर बुरशीचे बारीक जाळे धरते, आणि ते एकदा काचेत रुतले की निघत नाही. जून ते सप्टेंबर या काळात यंत्र हवाबंद डब्यात शिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, पुड्या वेळोवेळी बदलाव्यात आणि आठवड्यातून एकदा तरी ते बाहेर काढून वापरावे. फोल्डस्कोप कागदी असला तरी त्याचा कागद पाण्याने लवकर खराब होत नाही. त्याचे भिंग मात्र तितक्याच काळजीने जपावे. कपाटाची एक किल्ली मुख्याध्यापकांकडे व दुसरी विज्ञानशिक्षकांकडे असावी, म्हणजे एक जण सभेस गेला असता तास बुडणार नाही.